अक्कांची जपानीण

नशिराबाद, जळगाव, धुळे आणि मधल्या सर्व गावांतील तमाम नागरिक, भंगारवाले, क्रेनवाले आणि विशेष करून शहाणी माणसं यांना जाहीर कळविण्यात येते की, सिंधूअक्का चौधरी यांच्या पत्र्याच्या शेडमधली दोन दारांची, दोन सीटांची, हिरवी जपानी गाडी हे भंगार नव्हतं, नाही आणि होणारही नाही. याबद्दल कोणाची हरकत असल्यास त्याने ती लेखी स्वरूपात स्वतःजवळच ठेवावी.

अक्का आता नाहीत. असत्या तर हे निवेदन वाचून म्हणाल्या असत्या, "दिनू, एवढं लांबवू नको. 'हात लावू नये' एवढी पाटी पुरे."

ती पाटी खरोखरच होती. शेडच्या दारावर पांढऱ्या ऑइलपेंटने अक्कांनी स्वतः लिहिली होती: 'प्रयोग चालू आहे. हात लावू नये.' जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं, ते त्यांनी शिपायाला दिलं आणि आपला पांढरा ॲप्रन तेवढा मागून आणला. पुढे तो ॲप्रन पांढऱ्याचा करडा आणि करड्याचा काळा झाला, पण साडीवर तो चढवल्याशिवाय अक्कांनी कधी पान्याला हात लावला नाही. लग्न केलं नव्हतं. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "मुहूर्त निघाला तेव्हा नेमक्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या." तीस वर्षं?

आमची भिंत एक. त्यामुळे शेडमधला प्रत्येक आवाज आधी माझ्या देवघरात यायचा. मी गेलो होतो तक्रार करायला. अक्कांनी मला स्टूल दिलं, माझ्या हातात एक जाडजूड वही दिली आणि म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं आहे. लिही." तेव्हापासून मी त्या गाडीचा लेखनिक. वही म्हणजे कॉलेजच्या पोरांचं असतं तसं प्रयोगाचं जर्नल. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. एक बोल्ट काढला तरी पाचही रकाने भरायचे. त्यातलं एक पान मला पाठ आहे:

'उद्देश: इंजिन चालू करणे. साहित्य: पेट्रोल, बॅटरी, दिनू. कृती: किल्ली फिरवली. निरीक्षण: इंजिन चालू झाले नाही. अनुमान: होईल.'

मी म्हटलं, "अक्का, अनुमान निरीक्षणावरून काढतात ना?"

"ते पोरांचं," अक्का म्हणाल्या. "माझं माझ्यावरून काढते."

शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी लोणच्याच्या बरण्या दिसायच्या. पन्नास तरी असतील. प्रत्येकीत नटबोल्ट आणि प्रत्येकीवर चिठ्ठी. 'उजवं दार, खालची बिजागरी. दुखरी आहे, जपून.' 'मागचा बंपर. याला घाई नाही.' कार्ब्युरेटरचे बारीक भाग काचेच्या चंचुपात्रांत भिजत पडलेले. गाडीचं मूळ पुस्तक होतं, पण ते जपानीत. अक्का चष्मा कपाळावर सरकवून त्यातली चित्रं बघत आणि पानंच्या पानं पुढे जात. "चित्र कुठल्याच भाषेत खोटं बोलत नाही," हे त्यांचं मत.

गाडी कुठल्या कंपनीची हे त्या कोणाला सांगायच्या नाहीत. पुढचा बिल्ला काढून त्यांनी तोही एका बरणीत टाकला होता. "कंपनीचं नाव कशाला? पोर आपल्याकडे आलीय. सारखं मागच्या घरचं नाव काढायचं का?" म्हणून गावाने तिचं नाव जपानीण ठेवलं, आणि ते अक्कांना चाललं.

जपानीण आली ती अक्कांच्या धाकट्या भावामुळे. वसंतभाऊ जहाजावर इंजिनफिटर होते. कुठल्याशा जपानी बंदरात त्यांनी ही गाडी कोणाकडून तरी जुनी घेतली, जहाजावर चढवून मुंबईला उतरवली, कागदपत्रांच्या मागे चपला झिजवल्या आणि शेवटी धुळ्याला आपल्या दारात आणून उभी केली. दर भाऊबीजेला अक्का एसटीने धुळ्याला जायच्या. ओवाळून झालं की वसंतभाऊ बहिणीला जपानीणीत बसवून लळिंगच्या घाटापर्यंत एक चक्कर मारून आणायचे. सीटा दोनच. एक चालवणाऱ्याची, एक अक्कांची. हा रिवाज त्यांनी कोणासाठी मोडला नाही, बायकोसाठी नाही आणि पोटच्या पोरासाठीही नाही. पोरगा, प्रमोद, गेटच्या आडव्या गजावर हनुवटी टेकवून उभा राहायचा. "तू मोठा झाला की," असं वसंतभाऊ म्हणायचे. प्रमोद मोठा झाला तोवर जपानीण बंद पडली होती आणि तिच्या टपावर कडुनिंबाच्या लिंबोळ्यांचा थर साचला होता.

शेवटच्या भाऊबीजेला वसंतभाऊ खाटेवर होते. ताटात काय टाकणार? त्यांनी उशीखालून किल्ली काढली आणि निरांजनाच्या शेजारी ठेवली. "अक्का, हाईच मनी ओवाळणी." महिन्याभरात ते गेले.

फैजपूरच्या एका ओळखीच्या ट्रकवाल्याला गाठून, केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये अक्कांनी जपानीणीला चढवलं. धक्के लागू नयेत म्हणून खाली-वर केळीची सुकी पानं. गावात उतरवली तेव्हा आधी पानंच पानं बाहेर पडली, मग एक चाक दिसलं. पारावरून कोणीतरी ओरडलं, "अक्का, हा घड कोणत्या जातीचा?"

"उशिरा पिकणारा," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर काही दिवसांनी प्रमोद आला. आता तो धुळ्यातला सिमेंटचा मोठा व्यापारी, लोक प्रमोदशेठ म्हणतात. चहा झाला आणि त्याने मुद्द्याला हात घातला.

"आत्या, गाडी कागदावर अजून माझ्या आप्पांच्या नावावर आहे. नोटिसा माझ्या घरी येतात. मुदत संपली, तपासणी करा, नाहीतर मोडीत काढा. मी मोडीत काढतो. माणूस ठरवलाय."

"ओवाळणी परत मागतो का रे?"

"ओवाळणी म्हणजे साडी असते, आत्या. ही गाडी आहे. आणि गाडी चालते. जी चालत नाही तिला भंगार म्हणतात, सगळ्या जगात."

"आणि चालली तर?"

प्रमोद हसला. हसायला नको होतं, पण हसला. "येत्या भाऊबीजेला माझ्या दारात आणून दाखव. स्वतःच्या चाकांवर. ट्रकमधून नाही, दोर बांधून नाही. आली तर नावावर करायच्या कागदावर तिथल्या तिथे सही करतो. नाही आली तर दुसऱ्या दिवशी क्रेन पाठवतो. मग रडायचं नाही."

अक्का माझ्याकडे वळल्या. "दिनू, लिही. उद्देश: धुळे."

जाताना प्रमोद शेडमध्ये डोकावला. जपानीणीच्या डाव्या दाराशी क्षणभर थांबला, मुठीत हँडल धरलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, भंगाराचा अंदाज घेतोय.

त्या वर्षात अक्कांनी दोन गोष्टी केल्या: गाडी नीट केली आणि ती नीट कशी करावी हे सांगायला आलेल्या प्रत्येकाला वाटेला लावलं. त्यातले एक पुण्याहून आले होते. जुन्या गाड्यांचे मोठे जाणकार. हातात पांढरे सुती मोजे घालून त्यांनी जपानीणीला हात लावला आणि त्यांचा चेहरा पडला. मूळ रंग नारिंगी होता, अक्कांनी केळीच्या कोवळ्या पानासारखा हिरवा मारला होता. मूळ सीटांत फोम होता, अक्कांनी धरणगावचा कापूस पिंजून भरला होता. "इथं धरणगावचा कापूस असताना मी फोमवर बसू?"

पाहुणे कळवळून म्हणाले, "बाई, तुम्ही गाडीचा आत्माच घालवला. हिच्यात ओरिजिनल असं काय राहिलं?"

अक्कांनी पान्याने आपल्या डाव्या गुडघ्यावर टकटक केलं. "हा गुडघा स्टीलचा आहे. मागच्या साली बसवला. दात वरचे सगळे नवे. डोळ्यात भिंग टाकलंय. आता सांगा, मी सिंधू चौधरी आहे का दुसरीच कोणी?"

पाहुण्यांनी मोजे काढले. जाताना एवढंच म्हणाले की पुढचा उजवा दिवा तरी बघा. ते खरं होतं. जपानीणीचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असायचे आणि बटण दाबलं की पापण्या उघडल्यासारखे वर यायचे. डावा लगेच यायचा. उजवा आळशी होता, चार-पाच सेकंदांनी यायचा. त्यामुळे ती समोरच्याला चक्क डोळा मारते आहे असं वाटायचं. अक्कांनी सगळी गाडी खोलली, पण तो दिवा कधी दुरुस्त केला नाही. "तेवढी खोड राहू दे तिला."

मदतीला होते युसूफभाई रेडिएटरवाले. जळगावात त्यांचं दुकान, रेडिएटर झाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. दर शुक्रवारी नमाजनंतर ते नशिराबादला यायचे आणि संध्याकाळपर्यंत अक्कांशी भांडायचे. "अक्का, मशीन कानाने चालते, कानाने! तुम्ही काय फूटपट्टी लावून बसल्या?" अक्का फूटपट्टी न हलवता म्हणायच्या, "तुझा कान शुक्रवारीच येतो. बाकी सहा दिवस मी काय ऐकू?"

आणि नेमकी ज्या कामात युसूफभाईंना विचारायला हवं होतं, तिथे अक्कांनी विचारलं नाही. रेडिएटरकडून इंजिनकडे जाणारी एक बारीक नळी कुजली होती. तशी मिळेना. अक्कांनी मापं घेतली, विचार केला, आणि एका सकाळी त्यांचा चेहरा उजळला. ठिबकची नळी! केळीच्या बागेत घालतात ती काळी नळी, मापात तंतोतंत. आमच्या तालुक्यात जन्मलेल्या माणसालाच हे सुचणार. "अर्ध्या खानदेशाची तहान या नळीने भागते," अक्का म्हणाल्या, "एका गाडीची भागणार नाही?"

भाऊबीज तीन आठवड्यांवर होती. इंजिन एव्हाना सुरू व्हायला लागलं होतं, जर्नलमधलं अनुमान खरं ठरलं होतं. आम्ही पहिल्या चाचणीला निघालो. जपानीण जळगाव रस्त्याला लागली, गुरगुरली, पळाली. दोन किलोमीटर मी आयुष्यात पहिल्यांदा राजासारखा बसलो होतो. मग मागून मोटारसायकलवर शेतातून येणारा एक ओळखीचा बागायतदार आमच्या बरोबरीला आला, खाली वाकून बघितलं आणि ओरडला, "अक्का, डांबरावर काय लावलं? केळी का कपाशी?"

मागे वळून पाहिलं. रस्त्यावर सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, ओले ठिपके. गरम पाण्याने नळी मऊ पडून ठिकठिकाणी फुटली होती आणि जपानीण ठिबक सिंचन करत चालली होती. मी हसायला सुरुवात केली तेवढ्यात तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, पांढरा धूर उठला आणि इंजिन गप्प झालं.

ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून गावात आलो. पारावरचे बठ्ठे, झाडून सगळे, उभे राहिले. "अक्का, धुळं याच वाटेवर लागतं का?" अक्का स्टिअरिंग धरून ताठ बसल्या होत्या, जणू ट्रॅक्टरच त्यांना वाट विचारत चालला होता. मी अजून हसतच होतो. शेडमध्ये पोचल्यावर त्या म्हणाल्या, "हस. पोट भरून हस. झालं की बारा नंबरचा पाना दे."

इंजिनच्या तेलात पाणी शिरून त्याचं ताक झालं होतं. हेड गॅसकेट गेलं होतं. इंजिनचे दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात तिथली ती सपाट चकती. ती गेली की इंजिन गेलं. आणि या गाडीचं गॅसकेट जळगावात नाही, मुंबईत नाही, बाहेरून मागवलं तर दोन महिने. त्या दिवशी जर्नलमध्ये अक्कांनी अनुमान सांगितलं: 'ठिबक केळीला चांगलं.' मग त्या ॲप्रन काढून घरात गेल्या. इतक्या दिवसांत कामाच्या मध्येच त्यांना ॲप्रन काढताना मी पहिल्यांदा पाहिलं.

शुक्रवारी युसूफभाई आले, इंजिनात बोट घालून तेल चोळलं, आणि आश्चर्य म्हणजे भांडले नाहीत. म्हणाले, "तांब्याचं बनतं. पण पत्रा जाड लागतो, जुना, एकसारखा. आजकाल कुठं मिळतो?"

अक्का आत गेल्या आणि आईचं तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या. मोठं, कड्यांचं, अंघोळीचं. ते उचलताना त्या वाकल्या होत्या. युसूफभाई दोन पावलं मागे सरले. "नाही अक्का. अम्माची निशाणी आहे. कापलं तर परत जुडत नाही. गाडी चालली नाही तर गाडीबी गेली आणि हेबी गेलं."

"आईने यात मला आणि वसंताला रगडून घासलंय," अक्का म्हणाल्या. "तिच्या हातून कोणी सुटलं नाही. ही जपानीण काय सुटते? काप."

युसूफभाईंनी घंगाळाचा तळ कापला, ठोकून सपाट केला, लालभडक तापवून पाण्यात बुडवला. अक्कांनी जुन्या गॅसकेटवरून खाकी कागदावर आकृती काढली. प्रत्येक भोक तीनदा मोजलं. ठिबकच्या जागी युसूफभाईंनी आपल्या दुकानातली नळी बसवली. एकाने कानाने, एकीने फूटपट्टीने, असं ते दहा दिवस चाललं. इंजिन सुरू केलं तेव्हा युसूफभाईंनी डोळे मिटून कान लावला. मग म्हणाले, "अक्का, फूटपट्टी बरोबर होती." अक्का म्हणाल्या, "दिनू, हे लिही. तारखेसकट."

भाऊबीजेच्या सकाळी आम्ही निघालो. रस्त्यावर न्यायचा तात्पुरता कागद अक्कांनी स्वतः रांगेत उभं राहून काढला होता. डिकीत ओवाळणीचं ताट, पाण्याचे दोन कॅन आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. बॉनेटखाली, गरम नळकांड्याच्या बाजूला, तारेने बांधलेलं एक भरताचं हिरवं वांगं. ते का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शंभरेक किलोमीटर. अक्कांनी वेग ठरवून ठेवला होता आणि तो त्या सोडेनात. जळगावात पोरं मोबाइल काढून मागे पळाली. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. माझी नजर रस्त्यावर नव्हतीच, तापमानाच्या काट्यावर होती. काटा जरा थरथरला की मी देवाचं नाव घ्यायचो. अक्का म्हणायच्या, "त्याच्याकडे बघू नको, तो लाजतो."

पारोळ्याला पोलिसाने हात केला. अक्कांनी ब्रेक लावता लावता चुकून दिव्याचं बटण दाबलं. डावा डोळा टपकन उघडा, उजवा झाकलेला, आणि मग सावकाश... पोलीस दचकून मागे झाला.

"ओ आजी, डोळा मारते का गाडी?"

"तिचं वय झालंय साहेब. मी मारला का?"

कागद बघून झाला, चार माणसं जमली. अक्कांनी बॉनेट उघडलं, तार सोडली, वांगं हातात घेतलं आणि दाबून बघितलं. वरची साल नीट भाजलेली, आतून अजून कच्चं. "बघ," त्या मला म्हणाल्या, "इंजिन जास्त तापलं असतं तर कोळसा झाला असता. बरोबर चाललंय." तापमानाच्या काट्यापेक्षा वांग्यावर त्यांचा विश्वास जास्त होता. जेवढं भाजलं होतं तेवढं पुऱ्यांबरोबर आम्ही तिथेच खाल्लं. पोलिसालाही दिलं. तो म्हणाला मीठ कमी आहे.

अक्का शेवटी जळगावच्या दवाखान्यात गेल्या. तिथली नळ्या लावलेली खाट मी आठवत नाही. आठवायचंच नाही असं ठरवलंय. माझ्या हिशेबी अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, धुळ्यात.

प्रमोदशेठ गेटवरच उभे होते. लहानपणी ज्या गजावर हनुवटी टेकायची, तो आता त्यांच्या पोटाला टेकला होता. जपानीण समोर येऊन थांबली. अक्कांनी इंजिन बंद केलं नाही. "बंद केलं तर म्हणशील ढकलत आणली."

प्रमोदने गाडीला एक पूर्ण फेरी मारली. वाकून खाली बघितलं. बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून झटकला.

"ट्रक कुठं सोडला, आत्या?"

"दिनूच्या कंबरेला विचार. ट्रकमध्ये बसून आलो असतो तर ती सरळ राहिली असती."

तो हसला नाही. नावावर करायचा कागद टपावर ठेवला, खिशातून पेन काढलं, सही केली, एकदा बघितली आणि कागद आत्याच्या हातात दिला. अक्का ताट घेऊन आत गेल्या. ओसरीवर वसंतभाऊंचा फोटो होता, त्याला ओवाळलं. ताटात टाकायला तिथे कोणी नव्हतं. त्यांनी ॲप्रनच्या खिशातून जपानीणीची दुसरी किल्ली काढली, घटकाभर ताटात ठेवली, परत उचलली आणि बाहेर आल्या. नव्या साडीवर तो काळा ॲप्रन. ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला, गाडीत बसल्या आणि इंजिनला असा काही आवाज दिला की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"चल दिनू. लळिंगच्या घाटापर्यंत जाऊन येऊ. रिवाज आहे."

मी डावं दार उघडलं. एका हातात ताट, निरांजन अजून तेवतंय, एक पाय आत, एक बाहेर. अक्का समोर बघतायत, पांढरे केस वाऱ्याला, हात स्टिअरिंगवर. आणि तेवढ्यात सिमेंटचे मोठे व्यापारी, धुळ्याचे प्रतिष्ठित नागरिक प्रमोदशेठ गेट सोडून धावले, त्यांची एक चप्पल मागे राहिली, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले:

"आत्या, माले बी बसाड ना!"